वाद्याची स्मरणशक्ती

मैफलीच्या आरंभी तंबोरे जुळत असताना आपले श्रोते उतावीळ होत नाहीत. ते जुळणे हाही त्यांस मैफलीचाच भाग वाटतो. सिंथेसायझर या विद्युतवाद्याच्या वादकाला ही सवलत कधीच मिळाली नाही. त्याला स्वर लावावा लागतोच, शिवाय स्वराचा पोतही स्वतः घडवावा लागतो, आणि तो दोन गीतांमधील क्षणांत बदलावा लागतो.

रॉबर्ट मूग यांच्या आरंभीच्या यंत्रात हे काम निरनिराळे विद्युतघटक तारांनी जोडून होई. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या, त्या एकेक स्वरावली स्वतंत्रपणे वाजवून. ध्वनिमुद्रणास सवड असते. रंगमंचावर ती कोठून आणावी? २८ ऑगस्ट १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत मूग यांची वाद्ये श्रोत्यांसमोर आली, तेव्हा आधी सिद्ध केलेले ध्वनी कळ दाबताच मिळावेत अशी योजना मुद्दाम करावी लागली.

१९७०च्या मिनिमूगमध्ये तारा पेटीच्या आत गेल्या. (सिद्ध ध्वनीला ‘पॅच’ म्हणतात, ते त्या तारांवरून, तारा गेल्या, नाव उरले.) परंतु वाद्याला स्मरण नव्हते. वादक गुंड्यांच्या जागा छापील आकृतीवर पेन्सिलीने टिपून ठेवीत आणि रंगमंचाच्या अर्धवट उजेडात त्या पुन्हा जुळवीत. एखादी गुंडी केसभर सरकली, तरी मधुर नाद कर्कश होई. दिव्यांच्या उष्णतेने स्वर ढळत, तो त्रास निराळाच. दर बदलीला बिऱ्हाड नव्याने मांडणाऱ्यांस या कष्टांची कल्पना यावी.

१९७८ साली कॅलिफोर्नियात डेव्ह स्मिथ व जॉन बोवेन यांनी ‘प्रॉफेट-५’ सिद्ध केले. त्यातील सूक्ष्म संगणक प्रत्येक गुंडीची जागा अंकांत नोंदवून ठेवी. चाळीस ध्वनी त्यात राहात, आणि हवा तो तत्क्षणी हजर होई. वादकाची मोठीच सुटका झाली.

पण या सुटकेतच एक मेख होती. वाद्य कारखान्यातून येतानाच ध्वनी भरून येऊ लागले. १९८३ साली यामाहाचे ‘डीएक्स-७’ निघाले. त्यात बत्तीस ध्वनी होते, पण गुंड्यांची रांग नाहीशी झाली होती. एका लहान खिडकीत एकेक आकडा पाहून तो बदलावयाचा. ब्रायन ईनोसारखे चिकाटीचे लोक त्यातही रमले. बहुसंख्य वादकांनी मात्र तयार ध्वनींवरच भागविले; त्यातील विद्युत-पियानोचा नाद त्या दशकातील असंख्य गीतांत एकसारखा ऐकू येतो. आठवण ठेवण्याचे काम यंत्राने घेतले ते योग्यच झाले. पण त्याबरोबर घडविण्याचे कामही वादकाने त्याच्या स्वाधीन केले, हे मला तरी इष्ट वाटत नाही.

त्याच वर्षी ‘मिडी’ संकेतपद्धती आली आणि एका आज्ञेने रंगमंचावरील सर्व वाद्यांचे ध्वनी एकदम बदलता येऊ लागले. आज ते संगणकाकडून होते.

२०१६ साली मूग यांच्या कंपनीने मिनिमूग पुन्हा काढले. ध्वनी साठविण्याची सोय त्यात ठेवलेली नाही.