वृद्धसेवेचे प्रशिक्षण : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. रोजगारासाठी मुले शहरात गेली की घरी वृद्ध मातापिताच उरतात. त्यांच्या सेवेसाठी दयाबुद्धी हवीच; परंतु तेवढ्याने भागत नाही.

शासकीय व्यवस्था : केंद्र शासनाने २०१०-११ मध्ये राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम सुरू केला. आरंभीच्या जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होता. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उपकेंद्रातून गृहभेट, अशी त्याची रचना आहे. गृहभेटीत कुटुंबीयांनाही शुश्रूषा शिकवणे अभिप्रेत आहे.

कायदा : मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये साठ वर्षांवरील व्यक्तीला न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवता येते. अशा वेळी कुटुंब न तुटता वृद्धाला न्याय मिळवून देण्यात सामाजिक कार्यकर्त्याचे कौशल्य पणाला लागते.

प्रशिक्षण : भारतातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झाली; तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेने वृद्धसेवेचे स्वतंत्र अभ्यासक्रमही आखले आहेत.

कार्यकर्त्याने प्रथम ऐकायला शिकावे. स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे आणि अबोलपणामागे नैराश्य असू शकते, हे त्याने ओळखावे. शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस नियमित बदलणे, पडण्याचा धोका कमी करणे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जुळवणे, घरातील छळाची लक्षणे हेरणे, हीही त्याचीच कामे. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला वा मुलीला विसावा मिळतो की नाही, याचीही त्याने विचारपूस करावी.

प्रत्येक धर्मग्रामात असे दोन-तीन प्रशिक्षित कार्यकर्ते असल्यास एकाकी वृद्धांची नोंद ठेवून नियमित भेटी देता येतील. अडचणीच्या वेळी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर संपर्क साधावा.