जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कसा बसवावा?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक फॉरमॅट करून त्यात विंडोज १० नव्याने टाकली, की पुष्कळदा एक अडचण समोर येते. संगणक चालू होतो, पण स्क्रीनवरची अक्षरे मोठी आणि पसरट दिसतात, पान वर-खाली करताना अडखळते आणि व्हिडिओ तुटक चालतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या पुढचा पर्यायच नसतो. अशा वेळी ‘कार्ड गेले’ किंवा ‘संगणक आता जुना झाला’ असे समजून चांगले चालणारे यंत्र भंगारात टाकले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कार्ड ठणठणीत असते, फक्त त्याचा ड्रायव्हर बसवलेला नसतो किंवा चुकीचा बसवलेला असतो.

या लेखात एनव्हिडियाच्या जुन्या जीफोर्स कार्डांचे उदाहरण घेऊन योग्य ड्रायव्हर कसा शोधावा, कसा बसवावा आणि काही बिघडले तर मागे कसे यावे, ते पाहू.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. हा दुभाष्या नसेल तर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ या नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर वापरते. त्यावर स्क्रीन दिसते, पण कार्डाच्या ताकदीचा उपयोग होत नाही आणि चित्र रंगवण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

दोष ड्रायव्हरचा की कार्डाचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. संगणक चालू केल्यावर विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते. त्या वेळी कार्डाचा ड्रायव्हर सुरूही झालेला नसतो. तेव्हापासूनच स्क्रीनवर रेघा, ठिपके किंवा रंगीत चौकोन दिसत असतील, तर दोष कार्डाचा, केबलचा किंवा मॉनिटरचा असतो आणि ड्रायव्हर बदलून उपयोग होत नाही. चिन्ह स्वच्छ दिसते आणि विंडोजमध्ये आल्यावरच गडबड होते, तर ड्रायव्हरकडे वळावे.

आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जोडणीत नसून ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीत आहे ना? ही चूक फार जणांकडून होते.

आधी कार्ड ओळखा

खोक्यावरचे किंवा बिलावरचे नाव पुरेसे नसते. कार्डावरच्या चिपची पिढी कोणती, यावर ड्रायव्हर ठरतो आणि विक्रीचे नाव काही वेळा फसवे असते. जीफोर्स जीटी ७३० याच नावाने दोन वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डे विकली गेली. काहींमध्ये फर्मी पिढीची चिप आहे, तर काहींमध्ये तिच्या पुढच्या केप्लर पिढीची. या दोघांना लागणारे शेवटचे ड्रायव्हर वेगळे आहेत. जीटी ६१० नावावरून ६०० मालिकेतले वाटते, पण त्याची चिप फर्मी पिढीची आहे.

खरी ओळख अशी पटवावी:

१. स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा.
२. ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ खाली जे नाव दिसेल, त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ निवडा.
३. ‘डिटेल्स’ या भागात जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा.

तेथे एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यातला पहिला चार चिन्हांचा गट कंपनी सांगतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी आणि ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा गट चिपचा असतो. उदाहरणार्थ, ०ए६५ म्हणजे जीफोर्स २१०, १०४ए म्हणजे जीटी ६१० आणि १२८बी म्हणजे जीटी ७१०. जीटी ७३० च्या बाबतीत ०एफ०२ दिसले तर कार्ड फर्मीचे आणि १२८७ दिसले तर केप्लरचे. कार्डाचा ड्रायव्हर नसतानाही ही ओळ वाचता येते.

शेवटी ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘अबाउट’ या क्रमाने जाऊन आपली विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, तेही टिपून ठेवा.

कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर?

मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी नवी आवृत्ती चांगली, हा आपला नेहमीचा अनुभव. जुन्या ग्राफिक्स कार्डाला तो लागू पडत नाही. कंपनी काही वर्षांनी जुन्या चिप नव्या ड्रायव्हरमधून वगळते. म्हणून शोधायचा असतो तो आपल्या चिपला चालणारा शेवटचा ड्रायव्हर.

• टेस्ला पिढी (जीफोर्स ८, ९, १००, २००, ३०० या मालिकांतील बहुतेक कार्डे, २००९ मधले लोकप्रिय जीफोर्स २१० यातलेच): विंडोज १० साठी शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६.
• फर्मी पिढी (४०० आणि ५०० मालिका, जीटी ६१० व काही जीटी ७३०): ३९१.३५, मार्च २०१८.
• केप्लर पिढी (६०० आणि ७०० मालिकांतील बरीच कार्डे, जीटी ७१० सुद्धा): ४७० शाखा. खेळांसाठीच्या नियमित सुधारणा २०२१ मध्ये थांबल्या. त्यानंतर २०२४ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या.

विंडोज ३२ बिट असेल तर केप्लर कार्डालाही ३९० शाखेपर्यंतच थांबावे लागते, कारण त्यापुढे एनव्हिडियाने ३२ बिटसाठी ड्रायव्हर देणे बंद केले.

एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकांसाठी विंडोज १० वर कॅटलिस्ट १५.७.१ हा ड्रायव्हर आहे. त्यानंतर क्रिमसन १६.२.१ ही फक्त बीटा आवृत्ती आली. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधील एचडी ३००० ग्राफिक्ससाठी इंटेलने स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोज १० चा ड्रायव्हर दिला नाही. तो विंडोज अपडेटमधूनच मिळतो.

बसवण्याआधीची तयारी

ड्रायव्हर नेहमी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. तेथे कार्डाची मालिका, नाव आणि विंडोजची आवृत्ती निवडली की योग्य फाइल मिळते. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचे संकेतस्थळ पाहावे, कारण अनेक लॅपटॉपांत इंटेलचे आणि एनव्हिडियाचे अशी दोन ग्राफिक्स एकत्र काम करतात. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा’ असे सांगणारे प्रोग्राम टाळावेत. त्यांतले बरेच जण चुकीचा ड्रायव्हर गळ्यात मारतात किंवा सोबत नको असलेली जाहिरातबाजी आणतात.

त्यानंतर पुढील कामे करावीत:

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.
२. शोधपट्टीत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ लिहून एक रिस्टोअर पॉइंट तयार करा.
३. आधीचा ड्रायव्हर अर्धवट बसलेला असेल तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हा मोफत प्रोग्राम उतरवून ठेवा. तो सेफ मोडमध्ये चालवला की जुने अवशेष निघून जातात. विंडोज नुकतीच नव्याने टाकली असेल तर याची गरज नाही.
४. ड्रायव्हरची फाइल उतरवून झाल्यावर इंटरनेट बंद करा. नाहीतर मध्येच विंडोज अपडेट दुसरा ड्रायव्हर बसवू लागते आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येतात.

प्रत्यक्ष बसवताना

फाइल चालवली की इन्स्टॉलर आधी कार्ड तपासतो. ‘सुसंगत हार्डवेअर सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर ड्रायव्हरची शाखा चुकली आहे किंवा ३२ आणि ६४ बिटची गफलत झाली आहे. हार्डवेअर आयडी पुन्हा पाहा. फाइलींमध्ये फेरफार करून ड्रायव्हर जबरदस्तीने बसवू नका. तसे केल्याने त्याची डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते आणि ६४ बिट विंडोज तो नाकारते.

संदेश आला नाही तर ‘एक्सप्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडा. यादीत ग्राफिक्स ड्रायव्हर ठेवा. एचडीएमआय केबलमधून आवाज हवा असेल तर एचडी ऑडिओ ड्रायव्हरही ठेवा. थ्रीडी व्हिजन आणि जीफोर्स एक्सपीरियन्स यांवरची खूण काढा. २ किंवा ४ जीबी मेमरीच्या संगणकावर ते विनाकारण ओझे होतात. ‘परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन’ या पर्यायावर खूण करा. मध्ये स्क्रीन एक-दोनदा काळी होऊन परत येते, ते नेहमीचेच आहे. त्या वेळी बटण दाबून संगणक बंद करू नका. काम संपल्यावर तो रीस्टार्ट करा.

बसवल्यानंतरची सेटिंग

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे खरे नाव दिसले आणि त्यावर पिवळे चिन्ह नसले, की ड्रायव्हर बसला. मग डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा आणि ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले आहे तेच निवडा. प्रत्येक सपाट मॉनिटरचे एक मूळ रिझोल्यूशन असते. अक्षरे लहान वाटली तर रिझोल्यूशन कमी न करता ‘स्केल’ १२५ टक्के करा. रिझोल्यूशन कमी केले तर मराठी जोडाक्षरे आणि मात्रा धूसर होतात आणि डोळ्यांना त्रास होतो.

विंडोज अपडेटने हा ड्रायव्हर परत बदलू नये म्हणून ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा. आता इंटरनेट पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

स्क्रीन काळी झाली तर

घाबरून विंडोज पुन्हा टाकू नये. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही तर विंडोज सुरू होत असताना दोन-तीन वेळा पॉवर बटण दाबून धरून संगणक बंद करा. पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तेथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने सेफ मोडमध्ये जा. सेफ मोडमध्ये विंडोज कामचलाऊ ड्रायव्हर वापरते, त्यामुळे स्क्रीन दिसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून टाका किंवा आधी केलेला रिस्टोअर पॉइंट वापरा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ दिसला, तर कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे असा अर्थ होतो. ड्रायव्हर स्वच्छ करून पुन्हा बसवावा. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्यावरची धूळ झटकावी आणि कार्ड स्लॉटमध्ये नीट बसवावे. तेच कार्ड दुसऱ्या संगणकातही तसेच वागले तर मात्र ते गेले असे समजावे.

लिनक्स वापरत असाल तर

लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१० पासून नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर एनव्हिडियाच्या कार्डांसाठी येतो. जीफोर्स २१० सारख्या कार्डावर टंकलेखन, ईमेल, ब्राउझर अशा कामांना तो सहसा पुरतो. एनव्हिडियाचा स्वतःचा ३४० शाखेचा ड्रायव्हर डिसेंबर २०१९ नंतर सुधारला गेलेला नाही आणि इतरांनी केलेल्या दुरुस्त्या जोडल्याशिवाय तो नव्या कर्नेलवर बसत नाही. म्हणून टेस्ला पिढीच्या कार्डाला नूवोवरच ठेवणे शहाणपणाचे. फर्मी आणि केप्लर कार्डांसाठी लिनक्स मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ जो पर्याय सुचवेल तो पाहावा. काहीही सुचवले नाही तर जे चालते आहे ते तसेच राहू द्यावे.

ड्रायव्हर काय करू शकत नाही?

ड्रायव्हर बरोबर बसूनही यूट्यूब अडखळते, अशी तक्रार असते. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या स्वरूपांत पाठवते. जीफोर्स २१० किंवा जीटी ७१० च्या चिपमध्ये एच.२६४ उलगडण्याची सोय आहे, या दोन स्वरूपांची नाही. त्यामुळे सगळे काम प्रोसेसरला करावे लागते. व्हिडिओची प्रत ७२० किंवा ४८० वर आणणे, किंवा एच.२६४ स्वरूपच मागणारे ब्राउझर एक्स्टेंशन वापरणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

दुसरी मर्यादा सुरक्षेची. या कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये सापडणाऱ्या नव्या त्रुटी आता दुरुस्त होत नाहीत. विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अभ्यास, लेखन, हिशेब किंवा साठवलेले व्हिडिओ पाहणे यांसाठी असा संगणक अजून वापरता येतो. बँकेचे व्यवहार मात्र सुरक्षा अपडेट मिळणाऱ्या यंत्रावरच करावेत.

योग्य ड्रायव्हर मिळाला की त्याची फाइल जपून ठेवा आणि पेन ड्राइव्हवर कार्डाचे नाव व क्रमांक लिहून ठेवा. कंपन्या जुन्या फाइली कायम ठेवतीलच असे नाही, आणि पुढच्या वेळी संगणक फॉरमॅट करताना हीच फाइल अर्ध्या दिवसाची शोधाशोध वाचवेल.