दडविलेल्या डब्याचे कूळ आणि शिंपल्यांचा दुर्ग

एखादी वस्तू डब्यात घालून रानावनात दडवावी, तिचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करावेत आणि कुणा अपरिचिताने तिचा माग काढावा, अशा या जिओकॅशिंग नामक खेळाचा उगम एका सरकारी हुकमात आहे. अमेरिकेचे संरक्षण खाते उपग्रहांच्या संदेशात हेतुपुरस्सर दोष मिसळीत असल्यामुळे नागरिकांच्या हातातील जीपीएस यंत्र सुमारे 100 मीटरांपर्यंत चुकत असे. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो दोष काढण्याचे फर्मान जाहीर केले आणि एका रात्रीत यंत्राची अचूकता सुमारे दहापट वाढली. तिची परीक्षा पाहावी म्हणून 3 मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळ, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत नोंदवही, पेन्सिल, पुस्तके, एक गलोल, शिजविलेल्या घेवड्याचा एक डबा असा किरकोळ ऐवज होता. काही घ्यावे, काही ठेवावे, एवढीच अट. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली.

या बादलीला एक पूर्वजही आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमियर डोहापाशी, जेम्स पेरट या वाटाड्याने 1854 मध्ये एक बाटली ठेवली होती. तेथवर पोचणाऱ्याने तीत आपल्या नावाचे पत्र टाकावे.

परंतु माळावर जे निरुपद्रवी, ते प्राचीन वास्तूत अपायकारक ठरते. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनचा सागरी दुर्ग, कास्तिलो द सान मार्कोस, पाहावा. स्पॅनिश अंमलात 1672 ते 1695 या काळात तो उभा राहिला, तो कोकिना नामक पाषाणाचा, म्हणजे लहान शिंपल्यांचे थर सहस्रावधी वर्षे एकमेकांना चिकटून बनलेल्या सच्छिद्र खडकाचा. समोरच्या अनास्तासिया बेटावरील खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो आणि वाऱ्यावर वाळून कठीण होतो. 1702 च्या वेढ्यात इंग्रजांच्या तोफांचे गोळे आदळले तेव्हा तटबंदी तडकली नाही, गोळे तिच्यात रुतून बसले. भूगर्भ आणि इतिहास यांची अशी गाठ फार थोड्या किल्ल्यांत पाहावयास मिळते.

हा दुर्ग राष्ट्रीय उद्यान खात्याच्या अखत्यारीत आहे आणि अशा ठिकाणी परवानगीवाचून डबा ठेवण्यास मनाई आहे. पुढे खेळाच्या नियमांनीही पुरण्यास बंदी घातली, म्हणजे मूळ पुरुषाचीच रीत वंशजांनी त्याज्य ठरविली. त्यातून ज्या डबाविरहित शाखा फुटल्या, त्यांतील एक अर्थकॅश. तिचा पहिला नमुना जानेवारी 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातील मरामारांग राष्ट्रीय उद्यानात सिद्ध झाला. या प्रकारात दिलेल्या स्थानी जाऊन खडकाचे निरीक्षण करावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवावयाची. दडविलेले काही नसते, उकरावयाचे काही नसते. माझ्या मते ही शाखा मूळ खेळाहून श्रेष्ठ आहे, कारण येथे शोधणाऱ्याला दगडाकडेच पाहावे लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला सेंट ऑगस्टीनला जाण्याचा योग आला तर त्याने यंत्र खुशाल बरोबर न्यावे. मात्र तटावर चढू नये, कोकिनाला नखही लावू नये, कारण तोफगोळे पचविणारा हा दगड माणसांच्या पावलांनी झिजतो.