एडविन स्मिथ पपायरसांतील शिरोभंग व पृष्ठवंशभंग

जुनीं दप्तरें धुंडाळतांना वैद्यकाचें बाड हातीं आलें, तर संग्राहक तें बहुधा बाजूस ठेवितो. सनदा, बखरी व पत्रें यांपुढें काढ्यांच्या यादीस कोण विचारतो? परंतु मेंदू व पृष्ठरज्जु यांच्या इजांची पद्धतशीर चौकशी करणारा, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेख असल्याच एका गुंडाळींत सांपडला. तो कसा हातीं आला व त्यांत काय आहे, हें येथें सांगावयाचें आहे.

इ. स. १८६२ त एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें इजिप्तमधील लक्सर येथें मुस्तफा आगा नांवाच्या व्यापाऱ्याकडून पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. तिचा बाहेरचा भाग फाटलेला होता. सुमारें दोन महिन्यांनीं दुसरी एक गुंडाळी त्याच्याकडे विकावयास आली. ती बनावट होती; खोट्या गुंडाळीवर जुने तुकडे डकविलेले होते. स्मिथ यास हायरेटिक लिपीचें ज्ञान होतें, म्हणून ते तुकडे पहिल्या गुंडाळीचेच आहेत हें त्यानें ओळखलें व ते सोडवून घेतले. लबाडीचा माल म्हणून त्यानें तो परत केला असता, तर ते तुकडे कायमचे गेले असते. आमच्याकडील बाजारांतही जुन्या पानांची डकवाडकव चालते. संग्राहकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्मिथच्या पश्चात् १९०६ सालीं त्याच्या कन्येनें ही गुंडाळी न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक सोसायटीस दिली. जेम्स ब्रेस्टेड यांनीं १९३० त ती भाषांतर व टीकेसह दोन खंडांत प्रसिद्ध केली. सांप्रत ती त्याच शहरांतील वैद्यक अकादमीच्या संग्रहीं आहे.

गुंडाळी इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमारास लिहिलेली असून भाषा तिच्याहून बरीच जुनी आहे. अर्थात् ही नक्कल होय. मूळांतील कित्येक शब्द तेव्हांच दुर्बोध झाले असल्यानें त्यांवर टीपा दिल्या आहेत. मूळकर्ता इम्होतेप असावा हा ब्रेस्टेड यांचा तर्क आम्हांस पटत नाहीं. लेखांत त्यास आधार नाहीं.

एकंदर प्रकरणें ४८, पैकीं पहिलीं २७ डोक्याच्या इजांचीं. प्रत्येकांत इजेचें नांव, तपासणी व निर्णय असा क्रम आहे. निर्णय तीनच: उपचार करूं; झुंजून पाहूं; उपचार नाहीं. सहाव्या प्रकरणांत कवटी फुटून मेंदू उघडा पडला आहे. त्याच्या वळ्यांस वितळलेल्या तांब्यावरील तरंगांची उपमा दिली असून, तान्ह्या मुलाच्या टाळूप्रमाणें तो बोटाखालीं उडतो, असें सांगितलें आहे. ज्यानें बोट लावून पाहिलें, त्यालाच हें लिहितां येईल. मेंदूस स्वतंत्र शब्द असलेला याहून जुना लेख ज्ञात नाहीं. बाविसाव्यांत कानशील फुटलेल्या रोग्याची वाचा गेली आहे. एकतिसाव्यांत मानेचा मणका निखळला असून रोग्यास हातापायांची जाणीव नाहीं, व मूत्र त्याच्या नकळत ठिबकतें. तेहतिसाव्यांत एक मणका दुसऱ्यांत रुतला आहे; डोक्यावर पडल्यानें असें होतें, अशी टीप आहे. इजा एकीकडे व लक्षण दुसरीकडे, हा संबंध येथें स्पष्ट नोंदला आहे.

उपचार नाहीं, या निर्णयावरून रोग्यास टाकून देत, असें अनुमान कोणी काढील. तें घाईचें आहे. सहाव्या प्रकरणांत हाच निर्णय देऊन पुढें जखमेवर चरबी लावण्यास व ती न बांधण्यास सांगितलें आहे. मानेच्या दोन्ही प्रकरणांत मात्र कांहींच उपाय दिलेला नाहीं. तरीही तपासणी तितकीच बारकाईनें लिहिली आहे. आमच्या मतें या लेखाचें खरें मोल येथेंच आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, कवटी फुटूनही मस्तुलुंग बाहेर आला नसेल तर मध व तूप लावून बांधावें आणि सात दिवस तूप पाजावें, असें विधान आहे. पपायरसांतही चरबी व मध वारंवार येतात. एवढ्यावरून एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें म्हणणें धाडसाचें होईल. मध व स्निग्ध पदार्थ कोणत्या देशांत नव्हते? विशल्यघ्न मर्मांचें सुश्रुतानें केलेलें वर्णन, म्हणजे रुतलेलें शल्य आंत असेतों रोगी जगतो व उपटतांच मरतो, हेंही तसल्याच डोळसपणाचें फळ आहे.

एकतिसाव्या प्रकरणाचा निर्णय विसाव्या शतकापर्यंत बहुतांशीं तसाच राहिला. १९४४ त इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमन या जर्मनींतून परागंदा झालेल्या डॉक्टरनें अशा रोग्यांस दर दोन तासांनीं कूस बदलून निजविण्याचा व मूत्रमार्ग स्वच्छ राखण्याचा कडक परिपाठ घातला. रोगी मरत ते बहुधा शय्याव्रण व मूत्रदोष यांनीं, हें त्यानें जाणलें होतें. तुटलेला रज्जु पूर्ववत् सांधण्याची विद्या मात्र अद्यापि साधलेली नाहीं.

४८ वें प्रकरण मणक्याच्या मुरगळीचें आहे. उपचार करण्याचा निर्णय झाला आहे, रोग्यास उताणें निजविण्यास सांगितलें आहे, आणि तेथेंच वाक्य पुरें न करितां लेखनिकानें लेखणी थांबविली. गुंडाळीच्या पाठीवर मंत्र आहेत, आणि म्हाताऱ्यास तरुण करण्याची कृति आहे.