सुप्याचा बाजार आणि सावकाराची वही

 

गावात एखाद्याच्या घरावर जप्ती आली म्हणजे चावडीवर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "त्याचे त्याला भोवले. अंथरूण पाहून पाय पसरायचे होते." दुसरा म्हणतो, "तो बिचारा काय करील? पाऊस का त्याच्या हातात होता? सरकारने सोडवायला नको?" दोघेही तावातावाने बोलतात, आणि तिकडे जप्तीवाले भांडी मोजून घेऊन जातात.

हा वाद आजचा नाही, बरं का. आपल्याच मुलखात दीडशे वर्षांमागे तो असा पेटला की त्याची झळ लंडनच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचली. त्या वेळी काय घडले, कोणी काय उपाय केले आणि त्यांतले कोणते लागू पडले, हे आज सांगायचे आहे.

पुणे जिल्ह्यात सुपे म्हणून गाव आहे. पारनेरचे सुपे नव्हे. हे आताच्या बारामती तालुक्यातले, तेव्हाच्या भीमथडीतले. मोठी पेठ, दुकाने पुष्कळ आणि सावकारही पुष्कळ. १२ मे १८७५ हा बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी बाजाराला म्हणून जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटले गेले, काही घरांना आगीही लागल्या. पण लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे आणि वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या, हा एकच घोष होता. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

हे लोण तीसपेक्षा अधिक गावांत गेले. पुणे जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात शिरले. पोलीस आले, लष्कर आले. दंगे मोडेपर्यंत ९५१ माणसे पकडली गेली होती.

ठिणगी त्याआधीच पडली होती. शिरूर तालुक्यातील करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. गाव खवळले. सावकाराशी व्यवहार बंद झाला, बलुतेदारांनी त्याचे काम सोडले. एकाच्या कर्जाचा प्रश्न त्या दिवशी साऱ्या गावाचा झाला.

आता तुम्ही विचाराल, शेतकरी इतका कर्जात बुडाला कसा? लग्नकार्यात उधळपट्टी केली म्हणून? ऋण काढून सण केले म्हणून? त्या काळच्या पुष्कळ साहेबांना आणि शहरी शहाण्यांना तसेच वाटत असे. दंग्यानंतर सरकारने चौकशीसाठी एक कमिशन नेमले. त्या कमिशनने गावोगावची खाती पाहिली आणि निर्वाळा दिला की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. कर्ज फुगते ते बारीकसारीक रकमांनी. पोटाला दाणे, पेरणीला बी, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल आणि सरकारचा सारा भरायला रोकड. यांतली कोणती गोष्ट चैनीची म्हणायची?

त्यातून काळ कसा आला पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. भाव चढले, पैसा खेळू लागला, आणि सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून जमिनीची फेरपाहणी झाली आणि सारा वाढला. काही ठिकाणी तो दीडपट, काही ठिकाणी दुपटीपर्यंत गेला. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण अंथरूणच दर वर्षी दुसरा कोणी कातरीत असेल तर माणसाने पाय तरी किती आखडायचे?

आणखी एक गोष्ट घडली, ती कायद्याने. १८५९ च्या कायद्यान्वये कर्जाच्या खताची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता. जुनी कर्जे उकरून काढून कुळाला छळू नये, व्याजावर व्याज चढू नये. पण झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेई. मागचे मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज.

शिक्षक बंधूंनो, हे गणित एकदा फळ्यावर मांडून दाखवा. समजा, शंभर रुपये कर्ज, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज, आणि कुळाकडून काहीच फेड झाली नाही. पहिल्या तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. नवे खत १७२ चे. सहा वर्षांनी खत २९५ रुपयांवर जाते, नऊ वर्षांनी ५०८ वर, बारा वर्षांनी ८७५ वर. कुळाने पहिल्या शंभरानंतर एक रुपयाही नवा घेतलेला नाही. हे उदाहरण मी हिशेबासाठी घेतले. पण शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लागल्याचे प्रकरण खुद्द त्या कमिशनपुढे आले होते. खतात काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते. पावती मिळत नव्हती. आणि कोर्ट? कोर्ट खत पाही, खाली अंगठा पाही, आणि हुकूमनामा देई. "तू कबूल केलेस ना? मग भर." वैयक्तिक जबाबदारीचा न्याय तो हाच. वरवर अगदी चोख. पण एका पक्षाला हिशेब वाचता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तिथे कबुलीला किती वजन द्यायचे?

सावकार सगळेच दुष्ट होते असे मात्र समजू नका. दुष्काळात दाणे देणारा गावात तोच एक होता. पण त्याच्यावर पूर्वी गावाचा वचक असे, तो कोर्टामुळे गेला, आणि कोर्टाने स्वतःचा वचक बसवला नाही.

कमिशनचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटापुढे आला. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळही पडून गेला होता. मग १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याने कर्ज माफ केले नाही. त्याने न्यायाधीशाला सांगितले, नुसते खत पाहू नका, खताच्या मागे जा. पहिला पैसा कधी दिला, किती दिला, परत किती आला, हे शोधा. व्याजावर व्याज धरू नका. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त देववू नका. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम तो हाच. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, खते गावच्या निबंधकापुढे व्हावीत. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या कर्जासाठी ती विकू नये.

मघाचे गणित आठवा. ८७५ रुपयांचे खत या कायद्यापुढे आले, तर निकाल फार तर दोनशेचा. शेतकरी जबाबदारीतून सुटला नाही. पण जेवढे खरोखर त्याचे होते तेवढ्यापुरतीच ती राहिली.

मग सारे सुरळीत झाले का? नाही, मंडळी. कायद्याने मागचा हिशेब नीट केला, पण पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार हे सांगितले नाही. सावकार बिचकला. साध्या खतावर तो पैसे देईना. गहाणखत नको, खरेदीखतच करून दे म्हणू लागला. कागदावर विक्री, तोंडी बोली गहाणाची. अडलेला माणूस सही करी. ही पळवाट बुजवायला पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. सरकारने १८८३ आणि १८८४ साली तगाईचे कायदे केले. पण गावच्या गरजेपुढे ती तगाई फार तोकडी होती.

या दोन गोष्टी, म्हणजे मागची मोकळीक आणि पुढचा पैसा, एकत्र जोडण्याची एक योजना पुण्यात निघाली होती. विल्यम वेडरबर्न हे त्या वेळी इकडे न्यायखात्यात होते. १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. त्यांनी, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मंडळींच्या पाठिंब्याने, शेतकी पेढीची कल्पना मांडली. आधी एकच तालुका घ्यायचा, पुरंदर. तिथली जुनी कर्जे तडजोडीने ठरवायची आणि सरकारने पैसा पुढे करून ती मिटवायची. मग पेढीने माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे आणि हप्त्याहप्त्याने वसूल करायचे. हिंदुस्थान सरकारने, लॉर्ड रिपनच्या वेळी, ती उचलून धरली. पण लंडनहून नकार आला. पुरंदरचा तो प्रयोग झालाच नाही.

पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. गावच्या सोसायटीचे तत्त्व अमर्यादित जबाबदारीचे होते. म्हणजे एका सभासदाने बुडवले, तर त्याची झीज इतरांच्या घरापर्यंत यायची. आज हे ऐकून धडकी भरेल. पण त्यात मर्म आहे. जो जामीन राहतो तो विचारतो, "बाबा, पैसा कशाला हवा? बी आणायला की बारशाला?" आणि ज्याचे पीक खरोखरच गेले, त्याला शेजारी ओळखतो, त्याला मुदत वाढवून द्यायला तोच पुढे येतो. कर्जदार एकटा नाही आणि बेजबाबदारही नाही, असा हा मधला रस्ता होता.

तो रस्ताही लांब ठरला. १९५४ साली रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. शेतकरी जे शंभर रुपये उसने घेत होता, त्यांतले सोसायट्यांचे जेमतेम तीन, आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास. त्यानंतर सहकार खूप वाढला. पण त्याबरोबर एक जुनी खोडही परत आली. मार्चअखेर आली की कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, थकबाकी भरल्याचे दाखवायचे आणि लगेच नवे कर्ज काढायचे. याला आपण "नवे-जुने" म्हणतो. तीन वर्षांच्या खताचाच हा धाकटा भाऊ नव्हे काय?

मग आली कर्जमाफी. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची. २००८ साली साऱ्या देशात साठ हजार कोटींची म्हणून जाहीर झालेली. महाराष्ट्रात २०१७ साली दीड लाखापर्यंतची, २०१९ साली दोन लाखांपर्यंतची. ज्याच्या गळ्याला फास लागला होता, त्याला तिने श्वास दिला; हे नाकारणे निर्दयपणाचे होईल. पण दोन माणसे तिच्या बाहेर राहिली. एक, ज्याचे कर्ज बँकेचे नव्हे, सावकाराचे होते. बहुधा तोच सर्वांत गरीब. दुसरा, ज्याने बायकोचे डोरले मोडून हप्ता वेळेवर भरला. २००८ मध्ये त्याच्या वाट्याला काहीच आले नाही. पुढच्या दोन योजनांत नियमित फेडणाऱ्यासाठी प्रोत्साहनाची रक्कम ठेवावी लागली. त्याच्या मनात जी कळ उठते, ती हेव्याची म्हणून हसण्यावारी नेऊ नका. गावाचा व्यवहार टिकतो तो त्याच्यासारख्यांच्या शब्दावर.

तर मंडळी, चावडीवरच्या त्या दोघांपैकी खरे कोणाचे? माझ्या मते दोघांनीही एक प्रश्न विचारायचा राहून गेला: वहीत काय लिहिले आहे? पावसाने बुडालेले किती, भावाने बुडालेले किती, व्याजाने फुगलेले किती, आणि त्याचे त्याने उधळलेले किती? पहिल्या तिन्हींचा भार एकट्याच्या डोक्यावर टाकणे हा अन्याय. चौथ्याचा भार सगळ्यांच्या डोक्यावर टाकणे हाही अन्यायच. वही न उघडता दिलेला दोष आणि वही न उघडता दिलेली माफी, दोन्ही सारखीच आंधळी.

सुप्याच्या बाजारात वह्या जळाल्या, पण जून तोंडावर होता आणि बियाण्याला पैसा पुन्हा हवाच होता. १८७९ च्या कायद्याने वही उघडली, पण पुढचे बियाणे दिले नाही. पुरंदरला दोन्ही व्हायचे होते, ते झाले नाही. ते काम अजून पुरे झालेले नाही, आणि त्याची सुरुवात आपल्या हातात आहे. शिक्षकांनी सातवीच्या मुलाला व्याजाचे गणित शिकवताना घरचेच पासबुक आणायला सांगावे. आईबापांनी ते लपवू नये. अंगठ्याच्या जागी सही आली. आता सहीच्या आधी वाचणे आले पाहिजे.