हिंगोलीचा प्रतिष्ठित व्यापारी

रहस्यकथांचा एक जुना संकेत असा, की ज्याच्यावर वाचकाचा संशय जात नाही तोच शेवटी खुनी निघायचा. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय काय किंवा झुंजार काय, त्यांनी रोखलेले बोट पुष्कळदा चारचौघांत मान असलेल्या एखाद्या सभ्य गृहस्थाकडेच वळते. दिवाळीत फराळाची बशी शेजारी ठेवून असल्या कथा वाचताना ‘हे आपले गोष्टीतच घडायचे’ असे आपण म्हणतो. मी मात्र तसे म्हणणे सोडून दिले आहे, कारण आमच्या मराठवाड्यात, हिंगोलीस, १८३०च्या आगेमागे हे प्रत्यक्ष घडलेले आहे.

हिंगोली आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा काढून हा जिल्हा झाला. पण कयाधूकाठच्या या गावाचे जुने वैभव निराळे होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची येथे मोठी छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा ही नावे त्या छावणीची याद देतात. जेथे फौज तेथे बाजार, आणि जेथे बाजार तेथे परका माणूस. कालपर्यंत न पाहिलेला चेहरा दिसला म्हणून छावणीच्या बाजारात कोणी डोळे विस्फारत नसे, आणि आज दिसलेला चेहरा उद्या नाहीसा झाला तरी कोणी चौकशी करीत नसे.

याच बाजारात हरिसिंग नावाचा व्यापारी होता. प्रतिष्ठित, सचोटीचा, साहेबलोकांना माल पुरवणारा. निजामाच्या नोकरीतला तरुण अंमलदार मेडोज टेलर याने इतर पुष्कळांप्रमाणे त्याच्याशी स्वतः देवघेव केली होती. हा हरिसिंग त्या मुलखातल्या ठगांचा म्होरक्या होता.

त्याची एक मसलत तर बुद्धिबळाच्या डावासारखी आहे. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, ही बातमी हरिसिंगाला आधी लागली. तो उठला तो थेट त्या भागाचा मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडे गेला आणि मुंबईहून आपले कापड यायचे आहे, परवाना मिळावा, असा अर्ज केला. परवाना मिळाला. मग त्याने तो व्यापारी, त्याची माणसे आणि बैल हाकणारे गडी या सर्वांना वाटेत ठार केले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला. क्रम लक्षात घ्या. चोर आधी चोरी करतो आणि मग ती लपवण्याची खटपट करतो. या गृहस्थाने निर्दोषपणाचा दाखला आधी, तोही सरकारी शिक्क्याचा, पदरात पाडून घेतला आणि गुन्हा मागाहून केला!

संशय कोणालाच कसा आला नाही? एक तर ठगाचे हत्यार म्हणजे रुमाल. रक्त नाही, आरडाओरडा नाही. वाटसरूशी गोड बोलून त्याला सोबतीला घेणारा ‘सोथा’, फास टाकणारा ‘भुर्तोट’, खड्डे खणणारा ‘लुघा’ अशी त्यांची कामे वाटलेली असत, आणि ‘झिरनी’ म्हणजे इशाऱ्याचा शब्द उच्चारला की क्षणात सारे आटपे. प्रेत पुरले जाई, आणि प्रेत नाही म्हटल्यावर खून नाही. घरची माणसे महिनोन्‌महिने वाट पाहत. चारशे मैलांच्या रस्त्यावर धनी नेमका कोठे हरवला हे कळायचे कसे? एका वाटेवर निजाम, शिंदे, भोसले आणि कंपनी यांचे अंमल लागत. फिर्याद न्यायची कोणाच्या कचेरीत?

दिव्याखालचा अंधार हिंगोलीपुरताच नव्हता. ठगांचा काळ म्हणून गाजलेला स्लीमन नर्मदेकाठी नरसिंहपूरला मुलकी अधिकारी असताना त्याच्या कचेरीपासून अवघ्या ४०० यार्डांच्या आत, कांदेली गावात, ठगांची टोळी नांदत होती. त्याला ते कळले पुढे कित्येक वर्षांनी.

१८३०नंतर पकडलेले काही ठग माफीचे साक्षीदार झाले आणि एकेक नाव बाहेर येऊ लागले. टेलर लिहितो, की छावणीच्या भर बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत, हरिसिंग व त्याच्या टोळीने कित्येक माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर पुरली. जागा म्हणजे नदीला मिळणारा एक कोरडा ओहळ, चरापेक्षा रुंद नाही की खोल नाही, आणि तोही गावाकडे जाणाऱ्या रहदारीच्या रस्त्याला लागून. साक्षीदारांनी थंडपणे एकेक जागा दाखवली. कापडाचा प्रकार तर हरिसिंगाने पकडला गेल्यावर आपल्या तोंडानेच सांगितला, आणि जणू एखादी नामी गंमत केली अशा थाटात, असे टेलरचे म्हणणे. त्याने तो कबूल केला नसता तर कधीच उघडकीस आला नसता.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. पुरलेली हाडे खून झाल्याचे सांगतात, कोणी केला ते सांगत नाहीत. अचूक जागा दाखवणारा त्या कामात होता, एवढे सिद्ध होते; तो ज्याचे नाव घेतो त्याच्याबद्दल मात्र त्याचा शब्दच काय तो राहतो. आणि या साक्षीदारांचा स्वतःचा जीव तर अशाच शब्दांवर तरलेला होता. कंपनी सरकारने १८३६ साली कायदाच केला, की अमुक खून केला हे दाखवण्याची गरज नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. एके काळी परवान्याचा कागद माणसाला निर्दोष ठरवीत होता, आता साक्षीदाराचे बोट त्याला दोषी ठरवू लागले. या जाळ्यात किती निरपराध सापडले असतील, हा प्रश्न अलीकडच्या इतिहासकारांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. ठगीभोवतीचे भवानीच्या नवसाचे गूढ वलयही त्यांनी पुष्कळ विरळ केले. किम वॅग्नर याने २००७च्या आपल्या ग्रंथात ती लुटारूपणाचीच एक तऱ्हा म्हणून तपासली आहे.

हरिसिंगाला मात्र मी या शंकेचा फायदा देणार नाही. परवाना त्याने रेनॉल्ड्सकडे मागितला होता, आणि कापड त्याने छावणीत विकले होते. हे साक्षीदाराच्या जिभेवर अवलंबून नव्हते.

टेलरने पुढे १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये छापली आणि हिंगोलीची ही हकीकत तिच्या प्रस्तावनेत घातली. कादंबरीतला अमीर अली जगभर गाजला. प्रस्तावनेतल्या त्या कापडवाल्याचे नावदेखील टेलरने दिलेले नाही. बैल हाकणाऱ्यांचे तर सोडाच. ओहळ खणला जात असताना टेलर स्वतः तेथे उभा होता. एका खड्ड्यात कित्येक प्रेते, असे अनेक खड्डे उघडले. पाहणाऱ्यांना किळस आली, आणि साक्षीदार आणखी जागा दाखवायला तयार असताना साहेबांनी खणणे थांबवले.