तेरणेच्या ओढ्यावर एक मुक्काम, शके १६८१

मोबाईल इथंच ठेवा. काडेपेटी, टॉर्च, पाण्याची बाटली, सगळंच ठेवा. पायात जाड कातडी वहाणा, अंगात बाराबंदी आणि खांद्यावर घोंगडी घ्या. घोंगडी विसरू नका, पहाटे तिच्यावाचून निभाव लागायचा नाही. तुम्ही एका धान्याच्या व्यापाऱ्याचे गुमास्ते आहात. शके १६८१, माघ महिना, शुद्ध पक्षाचे शेवटचे दिवस. इंग्रजी गणतीनं जानेवारी १७६० संपत आलेला. मालकाची ज्वारी आणि हरभरा औशाच्या बाजूला मराठ्यांच्या लष्करी बाजारात पोचवायचा आहे, आणि माल चालला आहे लमाणांच्या तांड्याबरोबर.

मांजरा मागं पडली. औराद शहाजानीच्या अंगाला तेरणा तिला येऊन मिळते. तिथून तेरणेचा काठ धरून तुम्ही वर सरकताय. निलंगा अजून एक मजल पुढं आहे. तांडा पहाटे निघाला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत थांबणार. बैल चालता चालता चरतात, म्हणून दिवसाला तीन कोसांवर मजल जात नाही. पहिले दोन दिवस हा वेग तुमच्या अंगावर आला होता. मग हिशेब कळला. बैल वाटेवरचं गवत खातो, ओढ्याचं पाणी पितो, वैरणीला कवडी लागत नाही. म्हणून तर गरिबाच्या घरातलं मीठ शंभर कोसांवरून येऊनही त्याला परवडतं. शंभरेक वर्षांपूर्वी ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले आणि लिहून ठेवलं, की अरुंद वाटेत असा तांडा समोर आला तर दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागतं. तुमचा तांडा हजार बैलांचा. बैलामागं सव्वाशे किलो धरलं तरी सव्वा लाख किलो धान्य या माळावरून पायी चाललं आहे.

माळाकडे नीट बघा. डोंगर म्हणावेत असे उंच कडे इथं नाहीत. बालाघाटाच्या रांगा या बाजूला पसरट होत जातात. वर तांबूस जांभा आणि मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात पडलेलं पाणी मुरमातून खाली उतरतं, पाषाणाला अडतं आणि मग आडवं सरकत एखाद्या ओढ्याच्या पोटात झिरपून बाहेर येतं. फाल्गुन लागला की हे झरे आटायला लागतील. माघात अजून बोटभर धार वाहते आहे. तांड्याच्या नायकानं काल रात्रीच दोन पोरं पुढं पाठवली होती. ती आता वळणावर उभी राहून हात हलवताहेत. त्यांनी जागा कशी निवडली? करंजाची झाडं दाट आहेत, शिंदी हिरवी आहे, काठाच्या वाळूत हातभर उकरलं की पाणी लागतं, आणि काठ इतका उंच आहे की जनावरं एकाच उतारानं खाली जातील.

बैल थांबले. आता मध्ये उभे राहू नका.

गोण म्हणजे बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी दुहेरी पिशवी. दोघं जण दोन बाजूंनी एकदम उचलतात, बैल खालून पुढं निघून जातो, गोण जमिनीवर. पुढचा बैल. तुम्ही एक उचलायला गेलात आणि कंबरेत कळ आली, तेव्हा फेटिया-कांचळीतल्या एका पोरीनं दुसरं टोक धरून ती सहज फिरवून ठेवली. हातभर हस्तिदंती चुडे तिच्या कामाच्या आड येत नाहीत. बघता बघता गोणींवर गोणी रचून छातीएवढी भिंत उभी राहते, अर्धचंद्राच्या आकाराची, पाठ वाऱ्याकडे. भिंतीला टेकवून काठ्या, काठ्यांवर जाड कापड. झाली पालं. धान्य कोरडं राहिलं, वारा अडला, आणि रात्री कुणी चालून आलं तर आडोसाही मिळाला. मालाचंच घर करायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आजच्या महागड्या तंबूंना वाहून न्यायला वेगळं ओझं लागतं. इथं ओझ्यानंच तंबू उभा केला.

एका पांढऱ्या बैलावर मात्र गोण नव्हतीच. त्याच्या शिंगांना कवड्या आणि रंगीत गोंडे, गळ्यात घंटा. तो बालाजीच्या नावानं सोडलेला. आजारी माणसाला त्याच्या पायाशी आणतात.

तुम्हाला तहान लागली आहे. उतारावरून सरळ खाली धावू नका. म्हातारी याडी, म्हणजे तांड्यातली आई, तुम्हाला हातानं अडवते आणि वरच्या अंगाला बोट दाखवते. ओढ्याचे तीन भाग पडले आहेत. सगळ्यात वर, जिथं वाळूत झिरे उकरले आहेत, तिथलं पाणी पिण्याचं. तिथं पायही घालायचा नाही. त्याच्या खाली भांडी आणि अंघोळ. सगळ्यात खाली बैल. हजार जनावरं एकदम पाण्यात उतरली तरी वरची धार नितळ राहते. हे कुणी ओरडून सांगत नाही, चार वर्षांचं पोरसुद्धा कळशी घेऊन बरोबर वर जातं. झिऱ्यात ओंजळ भरायला वेळ लागतो. भरली की प्या. पाण्याला किंचित मातीचा वास आहे आणि दात शिवशिवतील इतकं ते गार आहे.

जवळच्या गावचा जागल्या काठी टेकत येतो. सकाळपासून तो ज्वारीच्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकत होता, तिथून त्यानं धुरळा पाहिला.

"कोन गावचं म्हनायचं पाव्हनं?" तो तुम्हालाच विचारतो, कारण पागोटं तुमच्या डोक्यावर आहे.

तुम्ही नायकाकडे बघता. नायक उठतो, मिठाची एक पिशवी त्याच्या हातात देतो आणि पाटलांना रामराम सांगायला सांगतो. जागल्या मीठ जिभेला लावून बघतो. कोकणातलं. मान डोलावतो. मग एवढंच बोलतो, की उभ्या पिकात बैल शिरू देऊ नका, बाकी गवत-पाणी तुमचंच. लमाणांत एका ताम्रपटाची गोष्ट सांगतात. शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास दख्खनेत उतरला तेव्हा त्याच्या फौजेचं धान्य वाहणाऱ्या नायकांना त्यानं रांजणातलं पाणी आणि छपरावरचं गवत घ्यायचा हक्क लिहून दिला. पण आज या ओढ्यावर तो पट्टा कुणी दाखवला नाही, कुणी मागितलाही नाही. मिठाची पिशवी आणि उभ्या पिकाची हमी एवढ्यावर भागलं.

सूर्य कलला. याडी चकमक काढते. गारगोटी याच ओढ्यातली, काळ्या पाषाणाच्या पोटात असतेच. पोलादाची पट्टी, खाली कापसाचा जळका बोळा. दोनदा ठिणगी वाया जाते, तिसऱ्यांदा धरते. शेणकुटांचा जाळ मंद आणि खोल असतो, त्यावर ज्वारीची बाटी भाजली जाते. बरोबर लसूण, मीठ, मिरची. जागल्यानं येताना खोचून आणलेली चार कोवळी कणसं तुम्ही आरात घालता. हुरडा हातावर चोळताना बोटं पोळतात आणि तरी थांबवत नाही. टिटवी ओरडत ओढ्यावरून जाते. पूर्वेला चंद्र वर येतो, पौर्णिमेला दीड-दोन दिवस उरलेले.

आता नायकाजवळ जाऊन बसा. तो मराठी, दखनी आणि आपली गोरबोली एकात एक मिसळून बोलतो.

"लढाई होनार?" तुम्ही विचारता.

"होनार, भाऊ. निजाम उदगीरहून निघालाय. पुन्याचे भाऊसाहेब त्याच्या मागं. आन् गारद्याच्या तोफा हायेत त्यांच्यासंगं."

इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाकडे होता, हे तो तुम्हाला सांगतो. तोफा तीच माणसं चालवतात, धनी बदलले. तुम्ही विचारता, निजामाच्या माणसांनी आधी गाठलं तर धान्य कुणाला? नायक जाळात शेणकूट सरकवतो. जो मोल देईल त्याला. लमाणाचा तांडा लुटला तर पुढच्या मोहिमेत त्या फौजेला दाणा मिळत नाही, हे दोन्ही सरदारांना ठाऊक आहे. तरी लुटणारे लुटतात. त्याचा थोरला भाऊ अशाच एका लुटीत गेला. हे सांगताना तो तुमच्याकडे बघत नाही.

तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे, जी या जाळाभोवती कुणालाच माहीत नाही. तीन आठवड्यांपूर्वी, १० जानेवारीला, यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ती बातमी अजून दख्खनेत पोचायची आहे. ती पोचली की औशाकडे निघालेली हीच फौज उत्तरेला वळेल, पानिपतच्या वाटेला लागेल. सांगू नका. तुम्ही आज गुमास्ते आहात.

रात्री थंडी मुरमातून वर येते. गोणींची भिंत दिवसभराचं ऊन धरून असते, पाठ तिला लावून झोपा. मधेच कुत्री एकदम भुंकत ओढ्यापलीकडे धावतात. लांडगा. पहारेकरी पोरं पलित्यानं जाळ हलवतात, वासरं आत ओढतात. पुन्हा सगळं निवतं. फक्त बैलांचं रवंथ ऐकू येत राहतं, हजार तोंडांचं.

पहाटे गोणी चढल्या. मागं राहिली राख, तीन चुलींचे दगड आणि शेतकऱ्याला हवंहवंसं शेण. झिरे पोरांनी वाळूनं बुजवले नाहीत, उलट कडेनं दगड लावून ठेवले. पुढच्या तांड्यासाठी.

दिवस वर येताना निलंगा दिसेल. सहाशे वर्षांच्या आसपास वयाचं नीळकंठेश्वराचं देऊळ आहे, तीन गाभाऱ्यांचं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला पाच मिनिटं काढा, बैल काही तुमच्यापुढं पळून जाणार नाहीत. पुढं खरोशाच्या जांभ्या टेकडीत त्याहून जुनी लेणी आहेत. मात्र औशाला तुम्ही वेळेत पोचणार नाही. ३ फेब्रुवारीला लढाई होऊन जाईल, निजाम साठ लाखांचा मुलूख तोडून देईल. इतिहासाच्या पुस्तकात ही उदगीरची लढाई म्हणून येते. त्या फौजांचा दाणा कुणी वाहिला याला तिथं एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

आता वर्षं भराभर जाऊ द्या. सडका झाल्या, गाड्या आल्या. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि बैलाच्या पाठीवरच्या व्यापाराला या भागात जागा उरली नाही. त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, आणि अनेक भटक्या जमातींबरोबर लमाणही कित्येक ठिकाणी त्यात सापडले. ज्यांच्या शब्दावर फौजा जेवल्या त्यांना पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची वेळ आली. तो डाग कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. तांडे माळावर स्थिरावले, गावापासून दूर, बहुतेक ठिकाणी पाण्यापासूनही दूर.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. तेरणेच्या वरच्या अंगाला किल्लारीत जमीन हलली आणि त्यानंतर कित्येक महिने हजारो कुटुंबं तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं हे तेव्हा घरदार असलेल्या माणसांनाही कळलं. १२ एप्रिल २०१६ ला तर मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. ज्या वाळूत हातभर उकरून झिरा लागायचा, तिथं आज बोअर शेकडो फूट खाली जाते.

आणि तुम्ही आजच्या सालात उतरता ते दिवाळीनंतरच्या दिवसांत. ओढ्याच्या त्याच वळणावर पाचटाच्या कोप्या उभ्या आहेत. आतली माणसं ऊसतोडीला आली आहेत; त्यांतली बरीचशी तांड्यांवरचीच. पहाटे तीनला उठून फडात जातात, मार्चपर्यंत हेच घर. ओढ्याला धार नाही, वरच्या अंगाचं पाणी नाही, खालच्या अंगाचंही नाही. बाया कळशी घेऊन विहिरी-बोअर हिंडतात आणि पुष्कळदा त्यांना हाकललं जातं. राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढलं, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना केली. ते लागेलच. पण कोपी पडते ती तुमच्या-माझ्या शेताच्या बांधाला, आणि तहान त्याच दिवशी लागते.

म्हणून मागणं एवढंच. यंदा शिवारात कोप्या पडल्या की मोटार सकाळी अर्धा तास त्यांच्यासाठी सोडा, आणि ती पोरं गावच्या शाळेत बसवून घ्या म्हणून गुरुजींना स्वतः जाऊन सांगा.